आयात शुल्क कसे काम करते? बनारसी शालूच्या धाग्यावरून समजून घ्या

घरात लग्न ठरले की शालूची चर्चा होते आणि शालू म्हटला की बनारसचे नाव निघते. तो शालू वाराणसीत मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा, बजरडीहा किंवा लोहता अशा एखाद्या वस्तीत विणलेला असतो. त्यात वापरलेले रेशीम मात्र वाराणसीत तयार होत नाही. ते मुख्यतः कर्नाटकातून किंवा चीनमधून येते. परदेशातून येणाऱ्या धाग्यावर केंद्र सरकार आयात शुल्क आकारते. हे शुल्क दोन-चार टक्क्यांनी बदलले की त्याचा परिणाम वाराणसीच्या विणकरावर होतो, येवल्याच्या पैठणी विणकरावर होतो आणि जालना-बीडच्या तुती उत्पादक शेतकऱ्यावरही होतो. मात्र तो सर्वांवर सारखा होत नाही. एकाचा फायदा तो बऱ्याचदा दुसऱ्याचा खर्च असतो.

आयात शुल्क म्हणजे काय, ते कोण ठरवते, कसे मोजतात आणि शेवटी ते कोणाच्या खिशातून जाते, हे या लेखात रेशीम धाग्याच्या उदाहरणावरून पाहू.

आयात शुल्क म्हणजे काय?

परदेशातून देशात येणाऱ्या मालावर सीमेवर आकारला जाणारा कर म्हणजे आयात शुल्क. कायद्याच्या भाषेत यालाच सीमाशुल्क म्हणतात. हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत येतो. त्यामुळे महाराष्ट्र किंवा उत्तर प्रदेश सरकार स्वतःचे आयात शुल्क लावू शकत नाही. वसुलीची व्यवस्था सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये दिली आहे आणि वस्तूनिहाय दर सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत दिले आहेत. दर बदलायचा असल्यास तो अर्थसंकल्पातून किंवा वर्षभरात केव्हाही अधिसूचना काढून बदलता येतो. अर्थसंकल्पाची बातमी सर्वांपर्यंत पोहोचते, पण मधल्या काळातील अधिसूचना अनेकदा नजरेतून सुटते.

सरकार हे शुल्क तीन कारणांसाठी लावते. महसूल मिळवणे, देशातील उत्पादकाला स्वस्त परदेशी मालापासून संरक्षण देणे आणि एखाद्या मालाची आयात आवरणे. रेशमाच्या बाबतीत मुख्य कारण संरक्षणाचे आहे. भारत जगातील दुसऱ्या क्रमांकाचा रेशीम उत्पादक आणि सर्वांत मोठा ग्राहक आहे. २०२३-२४ मध्ये देशात ३८,९१३ टन कच्चे रेशीम तयार झाले. मागणी यापेक्षा जास्त असल्याने उरलेले रेशीम आयात होते.

शुल्क कसे मोजतात?

प्रत्येक वस्तूला आठ अंकी संकेतांक असतो. रेशीम हे या वर्गीकरणातील ५० वे प्रकरण आहे. कच्चे रेशीम ५००२ या शीर्षाखाली येते, पीळ देऊन तयार केलेला धागा ५००४ पासून पुढे आणि रेशमी कापड ५००७ खाली येते. दर या संकेतांकावर ठरत असल्याने एकाच रेशमाला तो कोणत्या अवस्थेत आला आहे त्यानुसार वेगळा दर लागू शकतो.

माल न्हावा शेवा, चेन्नई किंवा कोलकाता अशा बंदरात उतरला की आयातदार ऑनलाइन ‘बिल ऑफ एन्ट्री’ दाखल करतो. मालाची किंमत, विमा आणि वाहतूक खर्च मिळून मूल्य धरले जाते. ते परकीय चलनातून रुपयांत बदलण्याचा दर केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ जाहीर करते. म्हणजे शुल्काचा टक्का तोच राहिला तरी रुपया घसरला की भरावी लागणारी रक्कम वाढते.

१ लाख रुपये मूल्याचा रेशीम धागा आयात झाला असे धरू. मूलभूत सीमाशुल्क १५ टक्के धरल्यास हिशेब असा होतो:

- मूलभूत सीमाशुल्क: १५,००० रुपये
- समाजकल्याण अधिभार, म्हणजे त्या शुल्काच्या १० टक्के: १,५०० रुपये
- आतापर्यंतची बेरीज: १,१६,५०० रुपये
- या बेरजेवर ५ टक्के दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर: ५,८२५ रुपये
- एकूण: १,२२,३२५ रुपये

यात एक बारकावा आहे. शेवटच्या ओळीतील वस्तू व सेवा कराचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढे मिळते. पहिल्या दोन ओळींतील १६,५०० रुपयांचे क्रेडिट मिळत नाही. ती रक्कम मालाच्या किमतीत कायमची मिसळते. संरक्षण म्हणतात ते हेच आणि वाढीव खर्च म्हणतात तोही हाच. ‘१५ टक्के’ शुल्क प्रत्यक्षात १६.५ टक्के का पडते, हेही यावरून कळते.

शुल्क कोण भरते आणि भार कोणावर पडतो?

या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. चीनच्या धाग्यावर भारताने शुल्क लावले की ‘चीनने इतके कोटी भरले’ असे अनेकांना वाटते. सरकारी तिजोरीत पैसे भरतो तो भारतातील आयातदार. परदेशी विक्रेत्याने बाजार टिकवण्यासाठी आपली किंमत खाली आणली, तरच भाराचा काही भाग त्याच्यावर जातो. अन्यथा आयातदार ती रक्कम भावात मिळवतो आणि पुढच्या खरेदीदाराकडून वसूल करतो. साखळीत ज्याला भाव वाढवून मिळत नाही, त्याच्यापाशी येऊन हा भार थांबतो.

वाराणसीत ही साखळी बरीच लांब आहे. आयातदाराकडून धागा मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून स्थानिक दुकानदाराकडे येतो. पुढे तो गिरस्ताकडे जातो. गिरस्त म्हणजे विणकरांना धागा व नक्षी देऊन काम करून घेणारा मोठा विणकर किंवा मालक. विणकर नगामागे मजुरी घेतो. तयार साडी गद्दीदारांकडे जाते आणि चौक, कुंज गलीच्या पेठेतून देशभर पसरते. काही विणकर स्वतःच उधारीवर धागा घेतात आणि साडी तयार झाली की विकून उधारी फेडतात. धाग्याच्या भावाचा धोका थेट त्यांच्या अंगावर येतो.

आता एका साडीचा हिशेब करू. पुढील आकडे फक्त गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. धाग्याची शुल्कपूर्व किंमत किलोला ४,५०० रुपये आणि एका साडीला ६०० ग्रॅम रेशीम लागते असे समजा. मूलभूत शुल्क १० टक्के असताना अधिभारासह धागा ४,९९५ रुपयांना पडतो. शुल्क १५ टक्के झाले की तोच धागा ५,२४२ रुपये ५० पैशांना पडतो. किलोमागे फरक २४७ रुपये ५० पैसे, म्हणजे साडीमागे सुमारे १४९ रुपये.

हजारोंच्या साडीत १४९ रुपये किरकोळ वाटतात. मोठ्या दुकानात ते किरकोळ असतातही. पण त्याच पेठेत यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची, बनारसी नक्षीची नक्कल शेजारीच टांगलेली असते. तिच्यामुळे साडीचा भाव वर जात नाही आणि गद्दीदार जास्त पैसे देत नाही. मग १४९ रुपये मजुरीतून जातात. एका साडीला १५ दिवस लागत असतील, तर विणकराचे दिवसाला सुमारे १० रुपये कमी झाले. मजुरी नगावर असल्याने ही कपात कोणत्याही पावतीवर दिसत नाही. भाव ‘पूर्वीचाच’ राहतो, महागाई मात्र वाढत जाते.

मी देशी रेशीम वापरतो, मग मला शुल्काचे काय?

येवल्याच्या विणकराच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. शुल्क फक्त आयात मालावर असले तरी देशी मालाचा भावही त्याच्या मागोमाग सरकतो. आयात धागा ४,९९५ रुपयांना मिळत असेल, तर त्याच प्रतीचा बेंगळुरूचा धागा विकणारा त्यापेक्षा फार जास्त मागू शकत नाही. आयात धागा ५,२४२ वर गेला की देशी विक्रेत्यालाही तेवढी मोकळीक मिळते. देशी रेशमाचा भाव वाढावा हाच तर या शुल्काचा उद्देश आहे. त्यामुळे चीनचा धागा कधीही हाती न धरलेल्या पैठणी विणकरालाही शुल्कवाढ जाणवते.

तरीही प्रत सारखी असली तरच हा नियम पूर्ण लागू होतो. वाराणसीत ताण्यासाठी चिनी धाग्याला पसंती आहे, कारण तो एकसारखा असतो आणि मागावर कमी तुटतो. धागा तुटला की गाठ मारायला वेळ जातो आणि नगावर मजुरी घेणाऱ्यासाठी वेळ म्हणजेच पैसा. बाण्यासाठी देशी रेशीम चालते. म्हणून शुल्क वाढले तरी ताण्याचा धागा सहजासहजी बदलला जात नाही. तो महाग घेतला जातो.

मग शुल्क काढून का टाकत नाहीत?

कारण या साखळीच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी आहे आणि त्यांतले बरेच आपल्याच राज्यातले आहेत. जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांत तुती लागवड वाढली आहे. दोन एकरांतली तुती आणि एक कीटक संगोपन गृह एवढ्यावर वर्षातून अनेक वेळा कोष काढता येतात. सोयाबीन-कापसाच्या मानाने पैसा लवकर हाती येतो, म्हणून मराठवाड्यातील शेतकरी याकडे वळले. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली. त्यापूर्वी अनेकांना कोष घेऊन थेट कर्नाटकातील रामनगरला जावे लागे.

महाराष्ट्रातील कोष बहुतांश दुबार जातीचे, म्हणजे बायव्होल्टाइन असतात. चीनच्या चांगल्या प्रतीच्या धाग्याची बरोबरी करू शकेल असे रेशीम याच जातीपासून निघते. त्यामुळे जालन्याच्या शेतकऱ्याची खरी स्पर्धा कर्नाटकाइतकीच आयात धाग्याशी असते.

१ किलो कच्च्या रेशमासाठी साधारण ६ ते ८ किलो ओले कोष लागतात. वरच्या उदाहरणातील २४७ रुपयांचा फरक पूर्णपणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचला, तर कोषाला किलोमागे सुमारे ३० ते ४० रुपये जास्त मिळतील. तो पूर्ण कधीच पोहोचत नाही, कारण मध्ये धागा काढणारा रीलर आणि व्यापारी असतात. तरीही एका बॅचला शंभर-दीडशे किलो कोष काढणाऱ्या कुटुंबासाठी किलोमागे २० रुपयेदेखील दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

शुल्क एकदम उतरवले तर काय होते, हे २०११ मध्ये दिसले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील मूलभूत सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आणले गेले. विणकर आणि कापड निर्यातदारांना दिलासा मिळाला. कर्नाटकातील कोष बाजारांत मात्र भाव कोसळले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात शुल्क पुन्हा १५ टक्के केले गेले. पुढे ते १० टक्क्यांवर आले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात कच्चे रेशीम व रेशीम धागा यांवरील दर १० वरून १५ टक्के करण्यात आला. त्याच अर्थसंकल्पात कापसावरही शुल्क लावले गेले आणि दोन्हींसाठी शेतकऱ्यांच्या हिताचे कारण दिले गेले.

दहा वर्षांत ३०, ५, १५, १० आणि पुन्हा १५. प्रत्येक बदलाच्या बाजूने आणि विरोधात बोलणारी माणसे प्रामाणिकच होती. पण तुतीचे झाड बागेत अनेक वर्षे राहते आणि माग एकदा मोडला की सहसा परत उभा राहत नाही. अशा व्यवसायांत दर किती यापेक्षा तो किती वेळा बदलतो, याचा त्रास कधी कधी जास्त असतो.

धाग्यावरचे शुल्क आणि कापडावरचे शुल्क वेगळे का पाहावे?

विणकराच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याला दोन शुल्कांशी देणेघेणे असते. धाग्यावरचे शुल्क त्याचा खर्च वाढवते. परदेशी तयार कापडावरचे शुल्क त्याच्या मालाला संरक्षण देते. या दोन दरांतील अंतरावर त्याची मिळकत अवलंबून असते.

समजा १,००० रुपयांच्या परदेशी कापडात ६०० रुपयांचा धागा आणि ४०० रुपयांचे विणकाम आहे. भारताने कापडावर २० आणि धाग्यावर १० टक्के शुल्क लावले, तर ते कापड इथे १,२०० ला पडते आणि आपल्या विणकराला धागा ६६० ला. त्याच्या कामासाठी ५४० रुपयांची जागा उरते. धाग्यावरचे शुल्क १५ टक्के झाले की धागा ६९० ला आणि जागा ५१० ची. आता उलट स्थिती घ्या. धाग्यावर ३० टक्के आणि कापडावर १० टक्के. कापड १,१०० ला, धागा ७८० ला आणि विणकामासाठी उरले ३२० रुपये. म्हणजे कसलेच शुल्क नसताना मिळाले असते त्या ४०० पेक्षाही कमी. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी, अशा या रचनेला उलटी शुल्करचना म्हणतात.

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पात रेशमी कापडावरील मूलभूत शुल्क १० वरून २० टक्के करण्यात आले. त्याचा अर्थ या उदाहरणावरून लागतो. एखादी शुल्कवाढीची बातमी वाचाल तेव्हा ती धाग्याची आहे की कापडाची, हे आधी पाहा. बातमीच्या मथळ्यात दोन्हीला ‘रेशीम महागले’ एवढेच म्हटलेले असते.

प्रतिपाटन शुल्क म्हणजे काय?

परदेशी उत्पादक आपला माल स्वतःच्या देशातील भावापेक्षा कमी भावात भारतात विकत असेल आणि त्यामुळे इथल्या उद्योगाचे नुकसान होत असेल, तर त्यावर वेगळे शुल्क लावता येते. याला प्रतिपाटन शुल्क किंवा अँटी-डंपिंग शुल्क म्हणतात. सीमाशुल्क दर अधिनियमाच्या कलम ९अ मध्ये त्याची तरतूद आहे. तक्रार देशातील उत्पादकांनी करायची असते आणि तक्रारीला पाठिंबा देणाऱ्यांकडे देशातील उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा असावा लागतो. चौकशी वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय करते. शुल्क लावायचे की नाही याचा अंतिम निर्णय अर्थ मंत्रालय घेते. शुल्क साधारण ५ वर्षांसाठी असते आणि पुनरावलोकनानंतर वाढवता येते.

१ एप्रिल २००१ पासून भारताने आयातीवरील उरलेले परिमाणात्मक निर्बंध उठवले. त्यानंतर चिनी रेशमाची आवक वाढली. २००३ पासून चीनच्या ठरावीक प्रतीच्या तुती रेशमावर प्रतिपाटन शुल्क लागू झाले आणि ते २०१४ च्या सुरुवातीपर्यंत टिकले. चिनी रेशमी कापडाच्या काही प्रकारांवरही पुढे असे शुल्क आले. वाराणसीत त्या काळात तयार चिनी कापडाने मोठे नुकसान केले होते.

या उपायाच्या मर्यादाही आहेत. ते ठरावीक देशाच्या ठरावीक मालावर असते. वर्गीकरण थोडे बदलून किंवा तिसऱ्या देशातून माल आणून ते चुकवण्याचा प्रयत्न होतो. दरातील तफावत फार वाढली की चोरटी आयात फायद्याची ठरते आणि नेपाळच्या खुल्या सीमेवरून येणाऱ्या रेशमाच्या तक्रारी जुन्याच आहेत. चोरटा धागा शेतकऱ्याला संरक्षण देत नाही आणि सरकारला महसूलही देत नाही.

मुक्त व्यापार करारांचाही येथे संबंध येतो. आसियान देशांबरोबरचा वस्तू व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि रेशीम निर्यात करणारा व्हिएतनाम आसियानचा सदस्य आहे. करारातील सवलतीचा दर हवा असल्यास माल खरोखर त्याच देशात तयार झाल्याचे उत्पत्ती प्रमाणपत्र लागते. केवळ प्रमाणपत्र पुरेसे नाही. सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार आयातदाराकडे उत्पादनाची पुरेशी माहितीही असावी लागते.

दुसऱ्या देशाने आपल्या मालावर शुल्क लावले तर?

वाराणसीच्या शेजारी भदोही आहे. १९९४ पर्यंत हा भाग वाराणसी जिल्ह्यातच होता. येथील हातविणीचे गालिचे जवळजवळ सगळे परदेशात जातात आणि त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका आहे. अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५, म्हणजे एकूण ५० टक्के अतिरिक्त शुल्क लावले. त्याच वेळी गालिच्यांतील स्पर्धक तुर्कस्तानवर हा दर १५ टक्के होता.

हे शुल्क अमेरिकी आयातदार भरतो. पण तो लगेच भदोहीच्या निर्यातदाराकडे सूट मागतो किंवा ऑर्डर थांबवतो. रेशमासारखी देशांतर्गत पेठ गालिच्यांना नाही, त्यामुळे तयार माल दुसरीकडे वळवणे अवघड जाते. निर्यातदार नवीन काम देणे कमी करतो आणि विणकर दुसऱ्या मजुरीच्या शोधात निघतो. शालूच्या धाग्याबाबत जे पाहिले तेच इथे उलट दिशेने होते. शुल्क लावणारा देश वेगळा असला तरी भार साखळीच्या त्याच टोकाला येतो. परदेशी शुल्काचे दर वाटाघाटींनुसार बदलत असतात, म्हणून निर्यातदारांनी सौदा करण्यापूर्वी त्या दिवशीचा दर तपासावा.

विणकर आणि शेतकऱ्यांसाठी कोणत्या योजना आहेत?

*कच्चा माल पुरवठा योजना.* केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची ही योजना राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळामार्फत राबवली जाते. धाग्याच्या वाहतूक खर्चाची भरपाई मिळते आणि सुती लडी, देशी रेशीम, लोकर, लिनन यांच्या धाग्यावर किमतीत १५ टक्के अनुदान मिळते. त्यासाठी प्रत्येक मागामागे प्रमाणाची मर्यादा आहे. येथे ‘देशी’ हा शब्द नीट वाचा. आयात रेशमावर हे अनुदान नाही. म्हणजे ज्याचा ताणा चिनी धाग्याचा आहे, त्याला शुल्काचा भार पूर्ण आणि अनुदान फक्त बाण्यावर. ताण्यालाही चालेल अशा प्रतीचे देशी रेशीम पुरेसे मिळू लागेपर्यंत ही अडचण राहणार. लाभासाठी विणकराचे ओळखपत्र आणि नोंदणी आवश्यक आहे. वाराणसीत चौकाघाट येथील विणकर सेवा केंद्रात चौकशी करता येते.

*विणकर मुद्रा कर्ज.* हातमाग विणकरांना ६ टक्के सवलतीच्या व्याजदराने कर्ज मिळते. कर्जाच्या २० टक्के, पण वैयक्तिक विणकरासाठी कमाल २५,००० रुपये इतकी मार्जिन मनीची मदतही आहे. उधारीच्या धाग्यातून बाहेर पडायचे असेल तर ही योजना उपयोगी पडते.

*रेशीम समग्र-२.* २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ४,६७९.८६ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना बेंगळुरू येथील केंद्रीय रेशीम मंडळ राबवते. तुती लागवड, संगोपन गृह, साहित्य आणि धागा काढण्याची यंत्रे यांसाठी यातून मदत दिली जाते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी जिल्हा रेशीम कार्यालयाशी संपर्क साधावा. मनरेगातूनही तुती लागवड करता येते, त्यासाठी ग्रामपंचायतीत विचारा.

*अग्रिम प्राधिकार.* आयात धाग्यापासून तयार केलेला माल निर्यात करणाऱ्याला विदेश व्यापार धोरणाखाली धागा शुल्काशिवाय आणता येतो. ठरलेल्या मुदतीत निर्यात करण्याचे बंधन असते. कागदपत्रे पाहता ही सोय मोठ्या निर्यातदारांना जमते. एकट्या विणकराला तिचा लाभ प्रत्यक्षात मिळत नाही, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असेल तर प्रयत्न करता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आयात शुल्क कमी झाल्यावर साडी स्वस्त होते का?*
लगेच नाही. व्यापाऱ्याकडे जुन्या दराचा साठा असतो आणि साडीच्या किमतीत धागा हा एकच भाग असतो. मजुरी, जर, रंगाई आणि दुकानाचा नफा यांवर शुल्काचा थेट परिणाम नसतो. अपवाद अस्सल जरीचा. तिच्यात चांदी व सोने असल्याने जुलै २०२४ मध्ये या धातूंवरील शुल्क १५ वरून ६ टक्के झाले, तसे बदल जरीच्या भावापर्यंत पोहोचू शकतात.

*चिनी धाग्याची साडी ‘अस्सल बनारसी’ असते का?*
बनारसी ब्रोकेड व साड्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगड या भागातील विणकामाशी जोडलेले आहे. धागा कोठून आला हे साडीवर लिहिलेले नसते. रेशीम शुद्ध आहे का हे ‘सिल्क मार्क’वरून आणि साडी हातमागाची आहे का हे ‘हँडलूम मार्क’वरून कळते. ही दोन वेगळी चिन्हे आहेत, एकाचा अर्थ दुसऱ्याला लावू नका.

*सध्याचा दर कोठे पाहावा?*
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर दरपत्रक आणि अधिसूचना मिळतात. आठ अंकी संकेतांक हाताशी ठेवा. दरपत्रकातील दर आणि प्रत्यक्ष लागू असलेला सवलतीचा दर वेगळा असू शकतो, म्हणून सूट देणारी अधिसूचनाही पाहा. या लेखातील दर त्या त्या वर्षाच्या घोषणेनुसार दिले आहेत. खरेदी, आयात किंवा कर्जाचा निर्णय घेताना त्या दिवशी लागू असलेलाच दर धरा.